मॅक्सचा सूत्रधार कुठं गेला?

या महिन्यात पत्रं कमी आली, पण विट्याहून एक चांगलं चार पानी आलं. हल्ली हातानं चार पानं कोण लिहितंय! म्हणून बाकीच्यांना थोडक्यात उरकतो आणि याला ऐसपैस जागा देतो. राग मानू नका.

प्रश्न : काका, मी बारावीत आहे. दादाच्या जुन्या कॉम्प्युटरवर ‘मॅक्स पेन’ हा गेम सापडला. दिवाळीच्या सुट्टीत पूर्ण केला. शेवटच्या लेव्हलला रात्री दोन वाजता मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. मग कळलं की यावर २००८ मध्ये सिनेमा पण आलाय. ‘लई भारी स्टोरी आहे’ म्हणून घरातल्या सगळ्यांना टीव्हीपुढं बसवलं. तासाभरात पप्पा झोपले, आईनं मेथी निवडायला घेतली. माझीच लाज निघाली. माणूस तोच, बर्फ तोच, बायको-बाळाचा खून तोच. मग असं का झालं? का मलाच सिनेमा कळला नाही?
— एक वाचक, विटा

उत्तर : गड्या, तुला सिनेमा बरोबर कळला. पप्पांनाही कळला, म्हणून तर ते झोपले.

हा प्रश्न तू योग्य माणसाला विचारलास. २००३ ते २०११ सांगलीच्या विश्रामबागेत माझा सायबर कॅफे होता. सहा कॉम्प्युटर, तासाला पंधरा रुपये, विद्यार्थ्यांना बारा. आता त्याच गाळ्यात झेरॉक्स काढतो आणि लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो, पण त्या काळात दिवसाचे दहा-दहा तास मी लोकांच्या पाठीमागं उभा राहून त्यांना ‘मॅक्स पेन’ खेळताना बघितलंय. स्वतः खेळलो त्यापेक्षा बघितलाच जास्त.

आमच्याकडची सीडी अस्सल नव्हती, हे आधीच कबूल करतो. कुणाकडचीच नव्हती. पहिली जी कॉपी आली ती ‘रिप’ होती. म्हणजे एका सीडीत चार-पाच गेम कोंबायचे म्हणून विकणारे लोक गेममधलं संगीत, बोलणं, व्हिडिओ असला सगळा ‘जड माल’ काढून टाकायचे. गोळ्यांचा आवाज तेवढा ठेवायचे. आमच्या पोरांनी सहा-सात महिने हा मुका मॅक्स पेन खेळला. त्यांना तो आवडायचाही. उडी मारायची, हवेतच काळ मंदावायचा, दोन्ही हातांतल्या पिस्तुलांतून समोरचे तिघं आडवे करायचे. वीस मिनिटं खेळून पोरं दुसऱ्या गेमकडं वळायची. गोष्ट काय आहे, हा माणूस कुणाला मारतोय, का मारतोय, याची कुणाला पडलेली नव्हती.

मग इंजिनिअरिंगच्या होस्टेलवरच्या एका पोरानं पुण्याहून पूर्ण गेम आणला. त्या दिवशी काय झालं ते मला अजून दिसतं. पाच नंबरच्या कॉम्प्युटरवर तो खेळत होता आणि पाठीमागं चौघं उभे. गेम सुरू झाला की आधी कॉमिकसारखी चित्रं येतात आणि वर एक घोगरा, थकलेला आवाज स्वतःची गोष्ट सांगायला लागतो. इंग्रजी निम्मं कळत नव्हतं, तरी कुणी चित्रं पुढं ढकलेना. जो पोरगा एरवी माउसवर बोट आपटत बसायचा, तो हात मांडीवर ठेवून ऐकत होता. तो आवाज जेम्स मॅकॅफ्री या नटाचा. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ते गेले, तेव्हा आमच्या त्या काळच्या गिऱ्हाइकांपैकी तिघांनी मला मेसेज केले. तिघंही आता चाळिशीकडं झुकलेत.

म्हणजे बघ, आवाज काढून टाकल्यावर हा गेम काय उरतो आणि आवाज परत घातल्यावर काय होतो, याचा प्रयोग माझ्या दुकानात आपोआप होऊन गेला होता. त्यामुळं सिनेमा बघितल्यावर मला रोग ओळखायला वेळ लागला नाही. सिनेमावाल्यांनी तेच केलं होतं, जे सीडीवाल्यांनी केलं होतं. फक्त सीडीवाल्यांनी निदान गोळ्या तरी ठेवल्या होत्या.

तू सांगलीकडचा आहेस म्हणून सांगतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो तो त्यामुळंच. तेव्हाच्या प्रेक्षकांतल्या पोरासोरांनासुद्धा रामायण पाठ. धनुष्य कोण मोडणार हे सगळ्यांना माहीत. तरी लोक बसले, कारण गोष्ट सांगणारा सूत्रधार समोर उभा होता. पदं तो म्हणायचा, पात्रं येऊन उत्स्फूर्त बोलायची. गोष्ट सूत्रधाराच्या गळ्यातून यायची आणि धागा त्याच्या हातात असायचा. मॅक्स पेन हा गेम असाच आहे. मॅक्स हा स्वतःच सूत्रधार आणि स्वतःच पात्र. मारामारी झाली की थांबतो, दोन कडवट वाक्यं बोलतो, स्वतःचीच टर उडवतो, पुन्हा पात्र होऊन आत शिरतो. सिनेमात सुरुवातीला बर्फाळ पाण्याखाली तो थोडंसं बोलतो. तेव्हा मला वाटलं, जमलं! आणि मग सूत्रधार जो विंगेत गेला, तो गेलाच. उरला मार्क वॉलबर्ग, दात-ओठ आवळून रस्त्यानं चालणारा. नट वाईट नाही. पण ज्याच्या मनात काय चाललंय हे गेममध्ये आपल्याला सतत ऐकू येतं, त्याचं तोंड इथं बंद. पप्पांनी जागं राहायचं ते कुणासाठी?

आता अलल्‌डुर्रचं. भाव्यांच्या परंपरेतल्या नाटकांत राक्षस आले की ‘अलल्‌डुर्र’ ओरडत रंगमंच दणाणून सोडायचे. पुढं लोकांनी त्या नाटकांना तेच नाव ठेवलं, थोडं चेष्टेनं. या सिनेमात पंखवाले काळे राक्षस का दिसतात, हे तुला कोडं पडलं असेल. गेममध्ये अमली पदार्थाचं नाव वाल्कीर, कंपनीचं नाव एसिर, क्लबचं नाव रॅग्ना रॉक. ही सगळी नावं उत्तर युरोपातल्या जुन्या पुराणकथांतली. गेम बनवणारी रेमेडी ही कंपनी फिनलंडची, त्यामुळं त्यांना ती घरची. पण गेममध्ये ती नावंच राहतात. आपल्याकडं दारूच्या दुकानाला एखाद्या देवाचं नाव असावं तशी ती कुजकी चेष्टा आहे. सिनेमावाल्यांनी नावाला पंख फोडले आणि प्रत्येक नशेबाजाच्या डोक्यावर राक्षस घिरट्या घालायला लावले. ट्रेलरमध्ये ते भारी दिसलं, मीही फसलो. पण नशा उतरली की राक्षस गायब, म्हणजे मॅक्सला त्यांच्याशी लढायचंच नाही. ज्याच्याशी लढायचं नाही त्याला एवढा मेकअप कशाला?

गेममध्ये भीती कुठं आहे आठव. ते स्वप्न. अंधार, बाळाच्या रडण्याचा आवाज आणि त्या काळोखात रक्ताची एक बारीक रेघ, तिच्यावरून तोल सांभाळत चालायचं. पाय घसरला की खाली. पोरं त्या लेव्हलला शिव्या घालायची, कारण उडीचा अंदाज चुकायचा. पण आमच्याकडं एक एसटी कंडक्टर यायचे, ड्युटी संपली की तासभर. त्यांना नुकतीच मुलगी झाली होती. त्या लेव्हलला आल्यावर त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, वीस मिनिटं शिल्लक असताना पूर्ण तासाचे पैसे दिले आणि निघून गेले. आठवड्यानं आले आणि ती लेव्हल पार करूनच उठले. राक्षस एकही नव्हता तिथं.

सिनेमा आम्ही २००९ च्या उन्हाळ्यात डीव्हीडीवर बघितला. शटर अर्धं ओढलेलं, सहा-सात पोरं, मध्ये भडंगाचा कागद. पहिला अर्धा तास सगळे शांत, आदरानं बसलेले. मग एकानं विचारलं, ‘मालक, ही ट्रायल व्हर्जन आहे का? गोळी कधी चालवायचा हा?’ पुढं जेव्हा एकदाचा गोळीबार सुरू झाला, तेव्हा माउसजवळ बसलेल्या पोरानं उजवं बटण दाबलं. सवयीनं. गेममध्ये उजव्या बटणानं काळ मंदावतो. इथं पडद्यावर, मॅक्सच्या तोंडासमोर, प्लेअरचा मेनू उघडला. आवाज कमी-जास्त करा, सबटायटल लावा. सगळे हसले. पण त्यानं ते पुढच्या मारामारीतही केलं, आणि ते मुद्दाम नव्हतं.

तुझ्या चार पानांचं निम्मं उत्तर त्या बटणात आहे. गेममध्ये काळ मंदावतो तो तुझ्या बोटानं, आणि तोही फुकट नाही. कोपऱ्यातलं वाळूचं घड्याळ रिकामं होत असतं. ‘आत्ता वापरू की पुढच्या दारामागं वापरू’ ही धाकधूक, तीच मजा. सिनेमात हळू चालणारी दृश्यं मोजकीच आहेत आणि दिसतातही छान, पण ती कधी यायची हे दिग्दर्शकानं ठरवलेलं. प्रेक्षकाच्या हातातून बटण काढून घेतलं तर त्याला बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. आवाज द्या, माणूस द्या, निदान उत्सुकता द्या. त्यांनी खलनायकही असा निवडला की तो पहिल्या भेटीतच ओळखू यावा. घरातला जुना, प्रेमळ, पांढऱ्या केसांचा हितचिंतक. आपल्या सिनेमात असला काका दिसला की आजी पण सांगते, हाच तो. गेममध्ये तू शेवटी गच्चीवर अँटेनाच्या तारा तोडून ज्या निकोल हॉर्नचं हेलिकॉप्टर पाडलंस, आणि ज्यासाठी तू खुर्चीतून उठलास, ती बाई सिनेमात जिवंतच सोडलीय. पुढच्या भागासाठी राखून. पुढचा भाग आलाच नाही.

त्यात अमेरिकेतलं प्रमाणपत्र. आधी प्रौढांचं मिळालं होतं. तेरा वर्षांच्या पोरांनाही तिकीट काढता यावं म्हणून काटछाट करून ते खाली आणलं. मूळ गेम मात्र मोठ्यांसाठीचा. म्हणजे तांबडा रस्सा करायचा, आणि पाहुण्यांना तिखट लागेल म्हणून त्यात दूध ओतायचं.

पैशाचं म्हणशील तर सिनेमा बुडालेला नाही. साडेतीन कोटी डॉलरचा खर्च आणि जगभरातून आठ कोटींच्या वर कमाई. पहिल्या शनिवार-रविवारी अमेरिकेत पहिला नंबर. तिकिटं काढणारे आपल्यासारखेच, गेम खेळलेले. सगळ्यांच्या घरात कुणी ना कुणी मेथी निवडत बसलं असणार.

एक गोष्ट तुला आवडेल म्हणून सांगतो. गेममधली ती कॉमिकसारखी चित्रं आहेत ना, ती गरिबीतून आली. चालती-बोलती दृश्यं करायला फार खर्च आला असता, म्हणून कंपनीतल्या लोकांनी एकमेकांचे, नातेवाइकांचे फोटो काढून त्यावर रंग चढवला. मॅक्सचा तो बद्धकोष्ठ झाल्यासारखा चेहरा गेमचा लेखक सॅम लेक याचा स्वतःचा. आणि निकोल हॉर्न म्हणजे त्याची आई. तू जिचं हेलिकॉप्टर पाडलंस ती लेखकाची आई, भावा. सिनेमाकडं याच्या कितीतरी पट पैसा होता.

प्रश्न : माझा मुलगा म्हणतो, गेमवरचे सगळे सिनेमे टुकारच असतात. मला यातलं काही कळत नाही, पण त्याच्याबरोबर एखादा बघावा असं वाटतं. खरंच सगळे वाईट आहेत का?
— एक आई, मिरज

उत्तर : ताई, वीस वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मुलाच्या बाजूनं मत दिलं असतं. सुरुवातच अपशकुनी झाली. १९९३ मध्ये ‘सुपर मारिओ’वर सिनेमा आला. मारिओ म्हणजे तो मिशीवाला प्लंबर, तुम्हीही भावाच्या टीव्ही गेमवर उड्या मारताना बघितला असेल. रंगीबेरंगी, आनंदी गेम. सिनेमात अंधारं शहर आणि डायनासोरपासून उत्क्रांत झालेली माणसं. त्यातला मारिओ झालेले बॉब हॉस्किन्स हे फार मोठे नट, आणि आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम म्हणून ते याच सिनेमाचं नाव घ्यायचे.

पुढच्या वर्षी ‘स्ट्रीट फायटर’. सिनेमा सुमार, पण खलनायक झालेले राउल जुलिया खूप आजारी असताना, मुलांना तो गेम आवडतो म्हणून उभे राहिले आणि सगळ्यांना खाऊन टाकलं. सिनेमा लागायच्या आधीच ते गेले. त्यांच्यासाठी तो सिनेमा मी दोनदा बघितलाय, लाज नाही वाटत.

२००५ चा ‘डूम’ हा तर कमालच. गेममध्ये मंगळावर नरकाचं दार उघडतं. सिनेमावाल्यांनी नरकच काढून टाकला आणि गुणसूत्रांची भानगड घातली. त्यात पाचेक मिनिटं कॅमेरा थेट हिरोच्या डोळ्यांतून बघतो, बंदूक खाली दिसते, हुबेहूब गेमसारखं. लोकांना तेवढंच आठवतं. मला ती पाच मिनिटं दुसऱ्याच्या दुकानात दुसऱ्याला खेळताना बघितल्यासारखी वाटली, आणि तो तर माझा धंदाच होता.

‘असॅसिन्स क्रीड’ २०१६ चा. गेम लोक खेळतात जुन्या शहरांच्या छपरांवरून पळायला, आणि सिनेमा बराचसा आजच्या काळातल्या एका प्रयोगशाळेत. उवे बोल या जर्मन दिग्दर्शकाबद्दल तर वेगळं सदर लागेल. जर्मनीतल्या करसवलतीच्या आधारानं एकामागून एक गेमपट काढले आणि २००६ मध्ये टीकाकारांना खरोखर बॉक्सिंगच्या रिंगणात बोलावून ठोकलं. मी हे उत्तर सांगलीतून लिहितोय हे बरंय.

आता चित्र बदललंय. २०२३ मध्ये त्याच मारिओचा कार्टूनपट आला आणि १३० कोटी डॉलरच्या वर गेला. त्याच वर्षीची ‘द लास्ट ऑफ अस’ ही मालिका तर गेम न खेळलेल्यांनीही डोळे पुसत बघितली. ती मात्र हिंसक आहे, मुलगा लहान असेल तर नको. तुम्ही मारिओ बघा. आणि त्याआधी अर्धा तास मुलाला गेम खेळताना शेजारी बसून बघा. तो कुठं ओरडतो, कुठं श्वास धरतो ते लक्षात ठेवा. सिनेमात त्या जागा आल्या का, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

प्रश्न : ‘बुलेट टाइम’ आधी सिनेमात आला की गेममध्ये? आमच्यात पैज लागली आहे.
— दोन मित्र, इस्लामपूर

उत्तर : बुलेट टाइम म्हणजे मारामारीत काळ मंदावण्याची ती करामत. लोकांपुढं ती आधी सिनेमात आली. १९९९ च्या ‘द मॅट्रिक्स’मध्ये नटाभोवती फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांची रांग लावून ते दृश्य केलं. सगळे कॅमेरे जवळजवळ एकदम उडवायचे आणि फोटो ओळीनं जोडायचे. काळ थांबतो आणि नजर फिरते. ‘मॅक्स पेन’ २००१ मध्ये आला, पण त्याचं काम ‘मॅट्रिक्स’ लागायच्या आधीपासून चालू होतं आणि त्यांची प्रेरणा हाँगकाँगच्या मारधाडपटांची. त्यामुळं ‘गेमनं चोरलं’ असं म्हणणाऱ्यानं अर्धीच पैज जिंकली.

नुसतं हळू चित्र मात्र फार जुनं. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. कॅमेऱ्यानं सेकंदाला १००० टिपल्या, तर एका सेकंदाची घटना जवळजवळ ४२ सेकंद चालते. आमच्या कॅफेत लोडशेडिंगच्या वेळी यूपीएसची शेवटची पाच मिनिटं याहून हळू जायची माझ्यासाठी आणि याहून भरभर गिऱ्हाइकासाठी. राहिलेल्या मिनिटांवरून भांडणं व्हायची. चहा मी पाजायचो.

प्रश्न : तुमच्या एका जुन्या उत्तरात वाचून ‘मॅक्स पेन’ विकत घेतला, अस्सल, सेलमध्ये. पण नव्या लॅपटॉपवर आवाजच नीट येत नाही. पैसे वाया गेले का?
— एक वाचक, कराड

उत्तर : नाही. गेम जुना आहे आणि त्यातल्या आवाजाच्या फाइलींची जात नव्या विंडोजला पचत नाही. चाहत्यांनी यासाठी फुकट पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, बनवलेला आहे. उतरवून गेमच्या फोल्डरमध्ये टाकायचा, एवढंच. आधी मूळ फोल्डरची एक कॉपी करून ठेवा. जमलं नाही तर लॅपटॉप घेऊन दुकानात या, कराडहून तसं फार लांब नाही. येताना दुपारी बारा ते दोन टाळा, त्या वेळात फॉर्मवाल्यांची रांग असते.

आणि पॅच टाकला नसेल तोवर खेळायला सुरुवात करू नका. मुका गेम आमच्या पोरांनी सहा महिने खेळलाय.